गुड फ्रायडेची बातमी आणि आमची प्रेस नोट

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर यंदाही गुड फ्रायडेची बातमी आली. ‘शहरात गुड फ्रायडे उत्साहात साजरा’ असा मथळा, खाली चर्चच्या कमानीचा फोटो आणि त्याखाली मान्यवरांची नावे. माझ्या शेजारणीने सकाळी दुधाची पिशवी उचलता उचलताच विचारले, “बाई, तुमच्या येशूला त्या दिवशी मारलं ना? मग उत्साह कशाचा?” मथळ्याबद्दल माझी तक्रार नाही. आपल्या उपसंपादकापुढे जे आले त्यावरून त्यांनी तो दिला, आणि त्यांच्यापुढे आली ती प्रेस नोट आमचीच होती. मी जिल्हा परिषदेच्या शाळांमधून मराठी शिकवून निवृत्त झाले, त्यामुळे आमच्या चर्चचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीचा कागद बाहेर जाण्याआधी ऱ्हस्व-दीर्घ बघायला माझ्याकडे येतो. त्या नोटेत नगरसेवक होते, माजी नगरसेवक होते, साउंड सिस्टीमचे दाते होते, महिला संघाने केलेले लिंबू सरबत होते. ज्याच्या मरणाचा तो दिवस, त्याचे नाव ‘बलिदान दिनानिमित्त’ या शब्दाआधी एकदाच. मी सेक्रेटरींना म्हटले, “भाऊ, तो का मेला ते एका ओळीत तरी लिहा.” ते म्हणाले, “बाई, तेवढं पेपरवाले कापतात.”

खरेच कापता का, हे आपण सांगावे. मला तसे वाटत नाही. पण प्रेस नोटेचा राग धरण्यातही अर्थ नाही, कारण ती खोटी नव्हती. त्या दिवशी चर्चमध्ये जे झाले त्याचेच ते प्रामाणिक इतिवृत्त होते, आणि हे पत्र मी लिहिते आहे ते त्यासाठी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गुड फ्रायडेची उपासना दुपारी बारा ते तीन अशी असते. वधस्तंभावरून येशूने काढलेले सात उद्गार सात वक्त्यांना वाटून दिलेले असतात. बाहेर एप्रिलचे ऊन, वर तापलेले पत्रे, मध्येच वीज जाते, तरी मंडळी, म्हणजे चर्चचे सभासद, तीन तास बसते. वर्षभर चर्चची पायरी न चढणारेही त्या दिवशी येतात, शेवटच्या बाकांवर टेकतात. यंदा पाचवा उद्गार, ‘मला तहान लागली आहे’, एका पाहुण्या वक्त्यांना दिला होता. पाणी हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. ते बोलले मात्र जीव ओतून. बहात्तरचा दुष्काळ, तेव्हा वाटलेले सुकडी हे खाणे, खडी फोडायला गेलेल्या बाया, २०१३ च्या उन्हाळ्यात जालन्याने भोगलेले हाल, रात्री दोन वाजता टँकरच्या आवाजाने जाग्या होणाऱ्या गल्ल्या, मग शेततळी, ठिबक, माथा ते पायथा पाणी अडवणे. माझ्या बाजूला बसलेल्या एका आजीच्या डोळ्यांना पाणी आले. आमच्याकडे पाण्याच्या गोष्टीवर रडू येत नाही असे माणूस शोधावे लागेल.

आणि मग ते खाली बसले. तहान कोणाला लागली होती, हे सांगायचे राहून गेले. समारियातल्या विहिरीवर एका बाईला, ‘मी देईन ते पाणी जो पिईल त्याला पुन्हा तहान लागणार नाही,’ असे सांगणारा तो हाच. त्याच्याच ओठांना शेवटी स्पंजात भिजवलेली आंब, म्हणजे आंबट द्राक्षारस, लावली गेली. शुभवर्तमान लिहिणारा योहान सांगतो की ती आंब घेतल्यावर तो ‘पूर्ण झाले आहे’ म्हणाला आणि मान लववून त्याने प्राण सोडला. म्हणजे पाचवा उद्गार सहाव्याच्या दारात उभा आहे. आपल्या वाटची कोरड त्याने स्वतःच्या घशात घेतली, हे त्या दुपारी सांगायचे होते. शेवटच्या बाकावर वर्षातून एकदा टेकलेल्या माणसासाठी तरी सांगायला हवे होते. पाण्याचे ते भाषण पाटबंधारे खात्याच्या सभागृहातही तितकेच शोभले असते, आणि तिथेही टाळ्या पडल्या असत्या.

माझे म्हणणे एवढेच आहे, आणि ते जरा अडचणीचे आहे. आमच्या मंडळ्यांमध्ये वाईट काही चालले आहे असे मी म्हणत नाही. चांगलेच चालले आहे, आणि खूप चालले आहे. रक्तदान शिबिर, गुणवंतांचा सत्कार, व्यसनमुक्तीची फेरी, तरुण संघाचे क्रिकेट सामने. या सगळ्याच्या गर्दीत ज्या एका गोष्टीमुळे आम्ही रविवारी एकत्र येतो ती ‘सगळ्यांना माहीतच आहे’ म्हणून कोणी सांगत नाही. माहीत आहे, माहीत आहे म्हणता म्हणता एक पिढी अशी आली की तिला ती माहीत नाही.

ती गोष्ट कोणती? ख्रिस्ती नसलेल्या वाचकांनीही ऐकायला हरकत नाही. इ.स. ५५ च्या सुमारास पौल या प्रेषिताने ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या मंडळीला पत्र लिहिले. मंडळी भांडकुदळ होती, कोर्टकचेऱ्या करणारी होती, वरदानांचा तोरा मिरवणारी होती. त्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात तो म्हणतो की मला जे मिळाले ते मी तुम्हाला दिले, आणि त्यातले मुख्य हे: ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, आणि केफाला, म्हणजे पेत्राला, दिसला, बाराजणांना दिसला, मग पाचशेहून अधिक भावांना एकाच वेळी दिसला, त्यातले बहुतेक अजून हयात आहेत. हा काही उपदेश नाही. घडलेल्या गोष्टीची साक्षीदारांसकट दिलेली बातमी आहे. चांगले वागा, खरे बोला, शेजाऱ्याला मदत करा, हे सगळे तिच्यामागून येते, तिच्याऐवजी येत नाही. चांगले वागा हे सांगायला साने गुरुजी आहेत, गाडगेबाबा आहेत, माझ्या वर्गाच्या भिंतीवरचे सुविचार होते. त्यासाठी कोणाला वधस्तंभावर जाण्याचे कारण नव्हते.

सुवार्ता हा शब्द पेपरात दिसला की हल्ली काहींच्या भुवया वर जातात. घटनेच्या पंचविसाव्या कलमाने प्रत्येकाला काय दिले आहे ते मी नागरिकशास्त्राच्या तासाला पुष्कळ वेळा फळ्यावर लिहिले आहे, तो वाद इथे नको. मी बोलते आहे ते आमच्या आतल्यांबद्दल. जन्माने ख्रिस्ती, आडनावाने ख्रिस्ती, लग्नाला आणि मातीला चर्च लागते म्हणून ख्रिस्ती, अशा आम्हा लोकांना ती बातमी आधी ऐकायची गरज आहे.

जालन्याच्या लोकांना हे सांगायला लागू नये. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या मिशनतर्फे ते निजामाच्या राज्यात जालन्याला आले, आणि सरकारातून मिळालेल्या जमिनीवर शहराजवळ बेथेल हे गाव वसले. तिकडे औरंगाबादला रतनजी नवरोजी हे पारशी गृहस्थ चर्च मिशनरी सोसायटीचे काम करत होते. एक ब्राह्मण, एक पारशी, आणि ऐकणारे बहुतेक आमच्यासारखे, मांगवाड्यातले, महारवाड्यातले. त्या काळी या लोकांना एका ओळीत कोण बसवू शकले असते? आमच्या घरात सांगतात की पणजोबांना पहिल्यांदा प्रभुभोजनाचा प्याला हातात मिळाला तेव्हा आधी कोणाचे ओठ त्याला लागले होते ते बघून त्यांचा हात थरथरला होता. शाळा, दवाखाना, विहीर हे सगळे मिशनने केले, आणि ‘सुकडीसाठी ख्रिस्ती झाले’ हे टोमणेही आम्ही ऐकले. माझ्या आजीचे माहेर बेथेलचे. ती निरक्षर होती. टोमणा मारणाऱ्या बाईला ती म्हणायची, “सुकडी तर तू बी खाल्ली की गं. मंग तू का न्हाई झालीस?” निंदणीच्या पातीवर ती येशूने सांगितलेली, घर सोडून परतलेल्या उधळ्या मुलाची गोष्ट सांगायची. बाप रस्त्यावर पळत सुटला, म्हाताऱ्याने धोतर आवरून पळायची लाज धरली नाही, इथे ती खुरपे थांबवायची. सोबतच्या बायांपैकी कोणाचा धर्म काय, हे तिने कधी मोजले नाही. ना. वा. टिळकांची पदे तिला पाठ होती, आणि पदाचा अर्थ विचारला की ती पदच पुन्हा म्हणायची.

जुने ते सोने म्हणणाऱ्यांतली मी नाही. मिशनच्या काळातही पगार, बंगला आणि बदलीवरून भांडणे होती, आणि साहेबांपुढे वाकण्याची सवय आमच्या हाडात अजून आहे. ऑक्टोपॅड आणि प्रोजेक्टरलाही माझा विरोध नाही. तरुण संघाची मुले ज्या हौसेने वाजवतात ते बघून बरे वाटते. फक्त कधीतरी त्यांनी गाणे निवडताना बघावे की त्यात ‘मला’, ‘माझे’, ‘मी’ सोडून त्याने काय केले याची एखादी तरी ओळ आहे का. असो.

निवडणुकीबद्दल लिहू नये असे मला दोघांनी सुचवले आहे, म्हणून थोडेच लिहिते. पास्टरेट कमिटीची निवडणूक आली की कोण कोणत्या वाड्यातला, कोणाचे घराणे मूळ कोणत्या मिशनचे, कोण आधीच्या पाळकसाहेबांचा (चर्चच्या धर्मगुरूंचा) आणि कोण आताच्या, अशी पॅनेले पडतात. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया १९७० साली नागपुरात स्थापन झाले तेव्हा वेगवेगळ्या सहा मंडळ्या एक झाल्या होत्या. कागदावरचे जुने मिशन तेव्हाच गेले, मतदार यादीतले अजून गेलेले नाही. मग धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज, वकिलाची फी, आणि त्या फीसाठी वर्गणी. करिंथमध्ये हेच होते. मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा. पौलाने तिथे दोन गटांत तडजोड घडवून आणली नाही, पदांची वाटणी करून दिली नाही. त्याने विचारले की पौल तुमच्यासाठी वधस्तंभावर खिळला गेला होता काय? स्वतःच्या गटालाच त्याने हा प्रश्न आधी विचारला, हे आमच्या पॅनेलप्रमुखांनी लक्षात घेतले तर बरे.

दुसऱ्या बाजूने जे येते आहे ते मला निवडणुकीपेक्षा जास्त छळते. मोबाइलवर दिवसरात्र चालणाऱ्या सभा. अभिषेकाचे तेल, बी पेरा म्हणजे शंभरपट पीक, आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात पैसे पाठवायचा चौकोनी कोड. आमच्या ओळखीच्या एका बाईने सोयाबीन गेल्यावर गळ्यातली पोत गहाण ठेवून असे ‘बी’ पेरले. पुढच्या हंगामात पावसाने ऐन काढणीत गाठले, शेंगा झाडावरच उगवल्या. तिने फोन केला तेव्हा पलीकडून सांगण्यात आले की ताई, तुमच्या विश्वासात कुठेतरी कमी आहे. कर्जाला कंटाळून माणसे फास घेतात त्या मुलखात एका शेतकरणीला हे सांगायचे! बायबलमध्ये सर्वस्व गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांनी तरी आधी सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून काढले होते. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी येशूला विचारले की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे, तेव्हा दोघांचेही नाही असे त्याने स्पष्ट सांगितले होते. ती बाई एका संध्याकाळी माझ्याकडे आली. तिला मी शंभरपट पिकाचे काही सांगू शकत नव्हते. रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय काढला. ज्याने आपल्या पुत्राला राखून ठेवले नाही, तिथून शेवटपर्यंत. क्लेश, दुष्काळ, नग्नता, तलवार, यांतले काहीही आपल्याला त्याच्या प्रीतीपासून वेगळे करू शकत नाही. “यात दुष्काळ बी लिहिलाय का?” तिने विचारले. मी बोट ठेवून दाखवले. तिने तो शब्द स्वतः वाचला, चष्मा नव्हता तरी. पोत अजून सावकाराकडेच आहे. देवाने सोडवून दिली असे लिहिता आले असते तर मलाही आवडले असते.

पण मला आशा वाटते ती मुलांमुळे, आणि ते जरा सविस्तर सांगते. अंबड तालुक्यातल्या एका गावात पत्र्याच्या शेडमध्ये एक लहानशी मंडळी भरते. तिथे मी अधूनमधून शब्बाथ शाळेला, म्हणजे मुलांच्या रविवारच्या वर्गाला, जाते. त्या गावची निम्मी घरे दिवाळीनंतर उसाला जातात. नाताळला गावात म्हातारी माणसे आणि त्यांच्याजवळ ठेवलेली थोडी पोरे एवढेच असतात, त्यामुळे तिथला मोठा सण पुनरुत्थानाचा, म्हणजे ईस्टर. तोवर कारखान्याचा पट्टा पडलेला, म्हणजे गाळप संपलेले, असते आणि बैलगाड्या, ट्रॅक्टर परत आलेले असतात. यंदा ईस्टरनंतरच्या रविवारी मी मुलांना विचारले, येशू का मेला? दृढीकरणाच्या, म्हणजे स्वतः विश्वास कबूल करून चर्चचे पूर्ण सभासद होण्याच्या, वयाची मुले होती. “तो खरं बोलायचा म्हणून.” “लोकांना त्याचं पटलं नाही म्हणून.” “त्याने आपल्याला प्रेम शिकवलं.” एकाने सांगितले, “यहूदाने फितुरी केली,” आणि यात चूक काहीच नाही. पण हे सगळे कोणत्याही हुतात्म्याबद्दल म्हणता येईल.

मी कलस्सैकरांच्या पत्रातला दुसरा अध्याय वाचला. आपल्या विरुद्ध असलेले ऋणपत्र त्याने खोडून टाकले आणि वधस्तंभाला खिळून ते मधून काढले. ऋणपत्र म्हणजे काय, मी विचारले. मागच्या रांगेतला, एरवी तोंड न उघडणारा एक मुलगा म्हणाला, “बाई, उचल. आमच्या मायबापावर मुकादमाची उचल हाय.” शहरातल्या वाचकांना कदाचित माहीत नसेल. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि त्या कोयत्यावर मुकादम हंगामाआधी रोख पैसे देतो. ऊस तोडून ती फिटते. नाही फिटली तर पुढच्या वर्षी पुन्हा जायचे, बाई आजारी असली तरी जायचे. पोरगा पुढे म्हणाला, “कुणी येऊन समदी उचल भरली आन् मुकादमाच्या वहीतलं नाव खोडलं, तर बाप सुटला ना? तसं.” वर्ग गप्प झाला. इतकी वर्षे उपदेश ऐकते आहे, इतक्या थोडक्यात मला कोणी सांगितले नव्हते.

मग त्याच्या बहिणीने पेच टाकला. “मंग सुटल्यावर परत उचल घेतली तर?” आणि दुसरा एक, “मंग काम करायचंच न्हाई का?” पौलालाही रोमकरांच्या सहाव्या अध्यायात हाच प्रश्न घेऊन बसावे लागले आहे. मी त्यांना सांगितले की काम करायचे, पण मुकादमाच्या भीतीने नाही. ज्याने वही खोडली त्याच्या घरचे म्हणून. पटले की नाही कोण जाणे. बहीण मला अजून संशयानेच बघत होती, आणि तेच बरोबर आहे, कारण तिच्या आयुष्यात फुकट उचल फेडणारा अजून कोणी आलेला नाही.

त्या शेडमध्ये प्रोजेक्टर नाही, सूचनांचा कागद नाही, शाल-श्रीफळ नाही. आमच्या शहरातल्या उपासनेत मात्र उपदेशाच्या आधी सूचना, सूचनांमध्ये वाढदिवस, वाढदिवसांमध्ये सत्कार, आणि सत्कारमूर्तींचे दोन शब्द. ते दोन शब्द कधीच दोन नसतात. पाळकसाहेबांच्या वाट्याला उरतात ती मिनिटे, आणि तीही लोक घड्याळ बघत असताना. आमचे पाळकसाहेब अभ्यासू आहेत. तयारी करून आलेला माणूस निम्मे पान न वाचता बंद करतो, हे मी दर रविवारी समोर बसून बघते.

म्हणून मी वार्षिक सभेपुढे लेखी ठराव दिला आहे. सूचना, सत्कार आणि पाहुण्यांचे स्वागत आशीर्वादानंतर, चर्चच्या आवारात, चहाबरोबर व्हावेत. शास्त्रवाचन आणि उपदेश यांच्यामध्ये काहीही येऊ नये. गुड फ्रायडेच्या सात वक्त्यांना आधी एकत्र बसवून पाळकसाहेबांनी त्यांचे उतारे समजावून द्यावेत, वक्ता कितीही मोठा असला तरी. कमिटीतल्या काहींनी विरोध करणार असे आत्ताच कळवले आहे. त्यातल्या एकांचे कारण असे की सूचना शेवटी ठेवल्या तर ऐकायला कोणी थांबणार नाही. ते खरे आहे. सूचना दर शनिवारी संध्याकाळी फाटकाजवळच्या फळ्यावर लिहायची माझी तयारी आहे, तेवढा खडू मात्र कमिटीने आणून द्यावा.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, जालना